गॅलरीतली सुटी सायकल

आमच्या घरात सध्या तीन सायकली आहेत. त्यांपैकी दोन चालतात आणि तिसरी गॅलरीत, एका जुन्या चादरीवर, सुट्या भागांच्या रूपात पसरलेली आहे. ही तिसरी पुण्याच्या जुन्या बाजारातून नऊशे रुपयांना घेतली आणि तिच्यावर आजवर साडेतीन हजार रुपये खर्च झाले. त्यामुळे दुरुस्तीने पैसे वाचतात, असे कोणी म्हणू लागले की मी विषय बदलतो. माझे म्हणणे निराळे आणि बरेच मर्यादित आहे. लांबच्या प्रवासाला निघताना आपल्याला, किंवा निदान वाटेतल्या एखाद्या माणसाला, उघडून पाहता येईल अशीच वस्तू सोबत न्यावी.

माझी प्रवासाची सायकल म्हणजे एके काळी दूधवाले आणि पोस्टमन वापरत असत तशी काळी, दांडीची, चोवीस इंची ॲटलास आहे. ज्या कंपनीच्या दिल्लीजवळच्या साहिबाबादमधील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमके जागतिक सायकल दिनी, थांबले, त्याच कंपनीची. ती जड आहे आणि तिला गिअर नाहीत. मात्र तिच्यातला प्रत्येक भाग पाना आणि हातोडी यांना उत्तर देतो. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, कारण माणसाचे आणि ओझ्याचे बहुतेक वजन मागे पडते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसताना मी एकदा अर्धा तास जोर लावून ते सैल करण्याऐवजी अधिकच घट्ट करत बसलो होतो, आणि शेजारचे काका चहा पीत ते सगळे पाहत होते.

चाकाचा आउट काढणे, म्हणजे डुलणारे चाक तारा आवळून-सैल करून सरळ करणे, हे मात्र मला खरोखर आवडणारे काम आहे. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचे आणि रिमच्या अगदी जवळ खडू स्थिर धरायचा. जेथे रिम त्या बाजूला झुकलेली असेल तेथे खडूची रेघ उमटते. मग रेघ उमटलेल्या बाजूची तार पाव फेरा सैल करायची, समोरच्या बाजूची तेवढीच आवळायची आणि चाक पुन्हा फिरवायचे. घाई करून पूर्ण फेरा दिला की इतका वेळ सरळ असलेला भाग वाकडा होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. रविवारची सकाळ यात जाते आणि घरातल्यांच्या मते ती वाया जाते.

हीच सायकल घेऊन गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र अलिबागहून रेवदंडा, मुरूड असे करत आगरदांड्याला पोहोचलो आणि तेथून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरलो. मित्राची सायकल गिअरची, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची आणि माझ्या सायकलीच्या निम्म्या वजनाची होती. दिघी सोडल्यावर पहिल्याच चढाला माझे पायडल एकाएकी मोकळे फिरू लागले. पाय फिरत होते, चेन फिरत होती, चाक मात्र जागचे हलत नव्हते. मागच्या चाकावर चेन ज्या दातेरी चक्रावर बसते, त्या फ्रीव्हीलच्या आत दोन लहान खटके असतात, ज्यांना कारागीर कुत्रे म्हणतात, आणि बारीक स्प्रिंगच्या जोरावर ते दात्यांत अडकतात म्हणून चाक पुढे ढकलले जाते. ते अडकणे बंद झाले होते. बोर्ली पंचतनपर्यंत मी चढावर सायकल ढकलत आणि उतारावर तिच्यावर बसून गेलो.

बोर्लीत एक गॅरेज सापडले, पण तेथे आता फक्त मोटारसायकली दुरुस्त होत होत्या. बाहेर बाकावर बसलेले मालकांचे वडील पूर्वी तासावर सायकली भाड्याने देत असत. त्यांनी मागचे चाक उचलून पायडल दोनदा फिरवले, कान लावून ऐकले आणि विचारले, "फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कोणी भरलं?"

"मेकॅनिकने," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या काळ्या नखांकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

निघण्यापूर्वी मीच, फार काळजीपोटी, एक्सलचे घट्ट ग्रीस फ्रीव्हीलमध्येही भरले होते. तेथे पातळ तेल लागते. घट्ट ग्रीसमध्ये त्या दुबळ्या स्प्रिंगा खटके उचलू शकत नाहीत. मी उत्साहाने फ्रीव्हील उघडण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, उघडू नका, छर्रे सांडतील आणि संध्याकाळपर्यंत वेचत बसाल." त्यांनी सायकल आडवी केली, सिरिंजने फटीतून डिझेल सोडले आणि पायडल उलटे फिरवत राहिले. काळा चिखल बाहेर येऊ लागला. तिसऱ्या सिरिंजनंतर ती ओळखीची टिकटिक ऐकू आली. शेवटी मशीनच्या तेलाचे चार थेंब दिले आणि पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला.

मित्राच्या सायकलीला प्रवासभर काहीही झाले नाही, हे मला मान्य केले पाहिजे, कारण तो ही पोस्ट वाचणार आहे. परंतु झाले असते तर काय, हा माझा प्रश्न आहे. त्याच्या ब्रेकमध्ये तेल भरण्याचे साहित्य बोर्लीत मिळाले नसते आणि सायकल टेम्पोत घालून परत आणावी लागली असती. माझी चूक तर मूर्खपणाची होती. तरीही ती एका वृद्ध गृहस्थांना नुसत्या कानाने ओळखता आली आणि शेजारच्या डब्यातल्या डिझेलने निस्तरता आली. दुसरीकडे, माझ्या सायकलीचे भागही आता सहज मिळत नाहीत, म्हणून हा युक्तिवाद आणखी वीस वर्षांनी टिकेल की नाही, याची मला शंका आहे. मोबाइलच्या बाबतीत तर तो आजच टिकत नाही. अनेक फोनांत चिकटवलेली काच गरम केल्याशिवाय आतली बॅटरीसुद्धा दिसत नाही.

गॅलरीतल्या सायकलीचे दोन्ही हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, धुऊन झाले आहेत आणि तिच्या फ्रीव्हीलमध्ये या वेळी पातळ तेलच गेले आहे. अडले आहे ते एका कॉटर पिनमुळे, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या धुरीला पक्का धरणाऱ्या खिळीमुळे. डाव्या क्रँकची जुनी पिन काढताना मी ती हातोडीने ठेचून ठेवली आणि बाजारात मिळालेल्या नव्या पिना त्या भोकात सैल बसतात. जुने सायकलचे दुकान आवरणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांच्याकडच्या खोक्यात एकदा हात घालू द्यावा, ही विनंती.