भिंतीला मुंग्या येतात तेव्हा

समुद्राजवळ तुमचं जुनं घर असेल, तर वायरिंग बदलायच्या फंदात पडू नका. इतकी वर्षं चाललं, ते काय आत्ताच जळणार? तारांवरचं रबर वाळक्या पानासारखं चुरत असेल तर चुरू द्या. पाइपच्या आत कोण डोकावतंय!

कधी हौसेनं सॉकेट उघडलंतच, तर स्क्रूभोवती हिरवट भुकटी दिसेल. खारी हवा तांबं खाते आणि एवढं उष्टं मागे ठेवते. मग जोड तापतो, झाकण आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं. जळका वास आलाच तर खिडकी उघडा. तेवढीच आणखी खारी हवा आत.

खरा घरभेदी म्हणजे आरसीसीबी, करंटची गळती पकडणारा मेन बोर्डावरचा स्विच. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा, असा त्याचा मुनिमी हट्ट. हिशेबात 30 मिलिअँपिअरची तूट आली की साहेब वीज तोडून मोकळे! अहो, 9 वॉटचा दिवासुद्धा याहून जास्त घेतो. करंट अंगातून गेला तर याच्या थोडं वरही हृदयाची लय बिघडू शकते म्हणे. असेल, पण ऐन पावसाळ्यात रात्री दोनला पंखा बंद पडतो त्याचं काय?

उपाय सोपा आहे: बायपास. एखादा इलेक्ट्रिशियन नाक मुरडेल. मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतो, कुठली लाइन गळतेय ते शोधतो, असं काहीबाही म्हणेल. त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि दुसरा बोलवा. आमच्याकडच्या दुसऱ्यानं वायरीच्या वीतभर तुकड्यात काम उरकलं. त्यानंतर एकदाही ट्रिप नाही. ओल्या भिंतीला हात टेकला की मुंग्या येतात, एवढंच.

फ्यूज सारखा उडतो? जाड तार घाला. दिव्याच्या बारीक वायरीवर 2000 वॉटचा गीझर जोडलात तर तो 9 अँपिअरच्या आसपास खेचणार, आणि काहीतरी वितळणारच. फ्यूज नाही तर भिंतीतली वायर.

अर्थिंगचं म्हणाल, तर जमिनीतला पाइप खाऱ्या मातीत कधीच गंजून गेला असेल. सॉकेटला तिसरं भोक आहे ना? दिसायला तेवढं पुरे.

आणि नळाला झिणझिण्या येत असतील, तर रबरी चप्पल घालून आंघोळ करा. चप्पल मात्र चांगली घ्या, तिथे काटकसर नको.