केबल ताणून लांबली तर क्लच घसरत नाही: फोंड्याच्या मेकॅनिकना उत्तर

नमस्कार बाब,

तुमची प्रतिक्रिया जेवता जेवता वाचली आणि पुढचा घास हातातच राहिला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी मामाच्या १९८२ च्या बुलेटच्या क्लचबद्दल लिहिलं होतं. क्लच घसरायला लागला की लगेच प्लेटा (एकमेकींवर दाबून इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या चकत्या) बदलू नका, आधी केबल बघा, ती ताणून लांबली असेल, असं त्यात वाक्य होतं. त्यावर गोव्यातल्या फोंड्यात पस्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या या गृहस्थांनी तीन गोष्टी सुनावल्या. एक, केबल ताणली तर क्लच चिकटतो, घसरत नाही, आणि एवढं ज्याला कळत नाही त्याने लोकांना शिकवू नये. दोन, बास्केट (प्लेटा ज्यात बसतात तो फटींचा डबा) कानशीने घासणं हा जुगाड आहे. तीन, तेलाचं कौतुक उगाच, मिळेल ते ओतलं तरी बुलेट चालते.

पहिला मुद्दा शंभर टक्के तुमचा. केबल लांबली की लिव्हरला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, वाढतो. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने सगळ्या प्लेटा दाबून धरणारी चकती) पुरती उचलत नाही, गाडी सिग्नलला पुढे ओढत राहते, न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. हा चिकटणारा क्लच. घसरणारा क्लच बरोबर याच्या उलट: इंजिन ओरडतं, गाडी तिथेच. मी दोन्ही दुखणी एका वाक्यात कोंबली. ते वाक्य आज काढून टाकलं.

पण बाब, आधी प्ले बघा या सल्ल्यावर मी अजून ठाम आहे. फक्त कारण चुकीचं दिलं होतं, खरं कारण आता लिहितो. बुलेटमध्ये पुशरॉड (लिव्हर दाबला की सरकणारा दांडा) उजवीकडून, गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या पोटातून येतो आणि डावीकडच्या प्रेशर प्लेटला बाहेर ढकलतो. प्लेटा झिजल्या की थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते, म्हणजे पुशरॉडच्या जवळ येते. केबलला कोणी हात न लावता लिव्हरचा प्ले आपोआप कमी होत जातो. तो संपला की पुशरॉड प्रेशर प्लेटला कायम थोडा रेटून धरतो, स्प्रिंगांचा जोर प्लेटांवर पूर्ण पडत नाही आणि क्लच घसरतो. प्लेटांमध्ये अजून जीव असतानाही घसरतो. अशा वेळी उजव्या कव्हरवरची छोटी झाकणी काढून आतला स्क्रू लॉक नट ढिला करून थोडा मागे घेतला, केबलला जरा प्ले ठेवला, तर त्याच प्लेटा पुढे चालू शकतात. हे करून न बघता प्लेटा मागवणं मला पटत नाही.

मामाच्या गाडीत झालं ते मागच्या वेळी मी नीट सांगितलं नाही. ही गाडी साखळीच्या स्टँडवर कित्येक वर्षं पायलट म्हणून, म्हणजे गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी म्हणून, चालली. मडगार्डचा काळा रंग खरवडला की खाली अजून पिवळा दिसतो. मागे माणूस, त्याच्या मांडीवर बाजाराची पिशवी, आणि गर्दीतून अर्धा क्लच दाबून सरकत राहायचं, हे तिचं आयुष्य. त्यात बास्केटच्या फटींमध्ये प्लेटांचे कान (कडेला बाहेर आलेली टोकं) आपटून आपटून खाचा पडल्या. लिव्हर दाबला की कान त्या खाचांत अडकायचे, प्लेटा सुट्या व्हायच्या नाहीत, गिअर वाजायचे. एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, तुम्ही नव्हता) उपाय काय केला? केबल आवळली. गिअर पडायला लागले, मामा खूश. पण प्ले शून्य झाला, क्लच घसरू लागला, प्लेटा जळल्या. नव्या घातल्या. त्या खाचांतच जाऊन बसल्या, पुन्हा गिअर वाजले, पुन्हा केबल आवळली. तीन वेळा प्लेटा बदलल्या बाब, बास्केटकडे एकदाही कोणी पाहिलं नाही.

मी पाहिलं तेही चोर्ला घाटात फजिती झाल्यावर. केरीहून वर चढताना तिसऱ्या गिअरला थ्रॉटल पिळला तर आवाज चढला, गाडी मात्र एका सायकलवाल्याच्या बरोबरीने चालत होती. वर थांबून पुन्हा किक मारली तर पाय मऊपणे खाली गेला, इंजिन फिरलंच नाही. या जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधूनच इंजिनपर्यंत पोचते, म्हणून क्लच घसरतो की नाही हे रस्त्यावर न जाताही कळतं. रॅचेट (किकचं दातेरी चाक) गेलं असेल तर किक कटकन सटकते, क्लच घसरत असेल तर लोण्यातून सुरी जावी तशी जाते. हा फरक पायाला एकदा कळला की विसरत नाही. (पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या प्लेटा चिकटल्या, तर त्या सोडवायलाही हीच किक कामी येते: क्लच दाबायचा आणि दोनचारदा मारायची.)

घरी येऊन डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं, खाली जुनी परात ठेवली आणि चेन केसचा (क्लच आणि पुढची चेन झाकणाऱ्या कव्हरचा) मधला एकुलता एक नट सोडला. तेल कॉफीसारखं काळं, वास जळका. स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घातला तर दोन प्लेटा वाकलेल्या. बास्केटच्या फटीत नख फिरवलं तर प्रत्येक खाचेत अडकत होतं.

आता तुमचा जुगाडाचा मुद्दा. अर्धा मान्य. खोल खाचा घासून काढल्या तर फटी रुंद होतात, प्लेटा खडखडतात आणि सगळा भार दोनचार कानांवर येतो. तसं बास्केट टाकूनच द्यायचं. पण उथळ खाचा बारीक कानशीने, समोरासमोरच्या भिंती समांतर ठेवून, सगळ्या फटींत सारख्या काढल्या तर त्याला जुगाड कसं म्हणायचं? नुसतं बास्केट काढायचं म्हटलं तरी आल्टरनेटरचा रोटर, पुढचं स्प्रॉकेट आणि चेन सगळं एकत्र बाहेर येतं. एवढा खटाटोप जुगाडासाठी कोण करेल? माझा त्यात अख्खा रविवार गेला.

मागच्या लेखात स्प्रिंगांचे स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळा असंही मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, पण तेही काढलं. लिव्हर जड होतो, पुशरॉडच्या टोकावर भार वाढतो, आणि सगळे सारखे आवळले गेले नाहीत तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते. मग पुन्हा चिकटतो.

तेलाबद्दल मात्र मी हटणार नाही. मिळेल ते म्हणजे पूर्वी साधं मिनरल तेलच मिळायचं, म्हणून तुमचं चाललं. आता गाड्यांच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मायलेजला चांगली, पण तेलात भिजून चालणाऱ्या क्लचला घर्षणच तर हवं. जॅसोचं, म्हणजे मोटरसायकलच्या तेलांचं जपानी, मानक १९९८ मध्ये आलं, म्हणजे आपल्या गाड्यांनंतर. पण डब्यावर जॅसो एमए दिसलं की त्या तेलाने क्लच घसरणार नाही, निदान एवढी खात्री असते. एमबी लिहिलेलं, म्हणजे कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी ठेवा.

आता एक काम. माझं बास्केट घासून चालतंय, पण पुन्हा घासण्याइतकी जाडी त्यात उरलेली नाही. तुमच्याकडे उथळ खाचांचं जुनं बास्केट पडलेलं असेल तर कळवा. माझ्याकडे चेन केसचं एक जादा कव्हर आहे, सीलची बाजू शाबूत. पुढच्या रविवारी फोंड्याला येतोच आहे.