ज्याचं संगीत, त्याचीच रेकॉर्ड

डेट्रॉइटच्या ईस्ट ग्रँड बुलेवार्डवर ३००० क्रमांकाची एक इमारत आहे. आत काय चालतं, याचा बाहेरून पत्ता लागत नाही. इथे 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं घर आहे, 'सबमर्ज' ही त्यांचीच वितरण कंपनी आहे, टेक्नो या यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताचं एक छोटं संग्रहालय आहे आणि तळघरात रेकॉर्डचं दुकान आहे. संग्रहालय पाहायचं तर आधी वेळ ठरवून जावं लागतं. याच रस्त्याचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे वेस्ट ग्रँड बुलेवार्ड. तिथे २६४८ क्रमांकाला मोटाउन या गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीचं जुनं घर आहे आणि तिथे पर्यटकांची रांग असते. आमची मराठी मंडळी बहुतेक शहराच्या बाहेर, ट्रॉय, नोव्हाय, कँटनकडे राहतात. भारतातून पाहुणे आले की ती मोटाउन दाखवतात, फोर्डचं संग्रहालय दाखवतात. ३००० नंबरला फारसं कुणी नेत नाही. मी आवर्जून नेतो. कारण आपल्याकडे डॉल्बीवरून जो वाद दरवर्षी पेटतो, त्यातला एक प्रश्न कुणीच विचारत नाही: जे वाजतं ते संगीत कुणाच्या मालकीचं? आणि त्याचं उत्तर या इमारतीतल्या लोकांनी पस्तीस वर्षं जगून दाखवलं आहे.

माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी १९९० च्या सुमारास हे लेबल सुरू केलं. लगेचच रॉबर्ट हूड येऊन मिळाला. मिल्स तोवर शहरातल्या रेडिओवर 'द विझर्ड' या नावाने गाजलेला होता. पुढे दोन-तीन वर्षांत मिल्स आणि हूड आपापल्या वाटेने गेले, बँक्स राहिला. तिघेही कृष्णवर्णीय, तिघेही याच शहरातले. बँक्स फोटो काढू देत नाही, लोकांसमोर येतो तो चेहरा झाकून. यात नाटकीपणा नाही. चेहरा विकायचा नाही, आवाज ऐकवायचा, ही त्यांची पहिल्यापासूनची भूमिका आहे. मोठ्या कंपन्या एकाच साच्यातलं संगीत लोकांच्या कानी घालून त्यांना बधिर करतात आणि त्याविरुद्ध आपण उभं राहायचं, असं त्यांनी जाहीरपणे लिहून ठेवलं.

आणि संगीत? एका खान्यात बसेल असं ते कधीच नव्हतं. सुरुवातीच्या रेकॉर्ड कारखान्याच्या प्रेससारख्या ठोकणाऱ्या, कठीण, काहीशा रागीट. त्याच लेबलवर १९९३ मध्ये 'गॅलेक्सी टू गॅलेक्सी' या नावाने बँक्सने जे काम केलं, त्यात ताल यंत्राचा आणि त्यावर जॅझच्या अंगाने मोकळा फिरणारा की-बोर्ड आहे. चर्चमधल्या गॉस्पेलची ऊब, फंकचा बेस, शहराच्या नैर्ऋत्येला राहणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांचं लॅटिन संगीत, सगळं त्यात आलं. त्यातलं 'हाय-टेक जॅझ' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे यंत्राचं संगीत आहे यावर माझा विश्वास बसला नाही, इतका त्यात माणूस आहे. आजही दर काही दिवसांनी मी ते लावतो.

पण मला या लोकांविषयी जो आदर आहे, तो निव्वळ सुरांमुळे नाही. रेकॉर्ड तयार होऊन लोकांच्या हातात पडेपर्यंतची एकूण एक पायरी त्यांनी शहरातच ठेवली, हे त्यांचं खरं मोठं काम. घरच्या स्टुडिओत संगीत तयार झालं की ते रॉन मर्फीकडे जायचं. 'नॅशनल साउंड कॉर्पोरेशन' हा मर्फीचा व्यवसाय. जुन्या लेथवर तो मास्टर डिस्क, म्हणजे जिच्यावरून पुढे सगळ्या प्रती छापतात ती मूळ तबकडी, कापायचा आणि शेवटच्या मोकळ्या खाचेजवळ हे लोक छोटासा संदेश कोरून घ्यायचे. मर्फी २००८ मध्ये वारला, पण त्याच्या हाताने कापलेल्या रेकॉर्डचा बेस अजून कानाला कळतो. मास्टर झाली की 'आर्चर रेकॉर्ड प्रेसिंग'. हा १९६५ पासून चालणारा एका कुटुंबाचा कारखाना. तिथे छापून झालं की सबमर्जमार्फत जगभर वाटप. युरोपात, जपानमध्ये विकल्या गेलेल्या रेकॉर्डचा पैसा फिरून याच शहरात यायचा आणि पुढची रेकॉर्ड त्यातून निघायची. सबमर्जने स्वतःच्याच नाही, शहरातल्या इतर लहान लेबलांच्या रेकॉर्डही जगभर पोचवल्या.

ही साखळी किती उपयोगाची आहे, ते १९९९ मध्ये कळलं. लेबलवरच्या डीजे रोलांडोने 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' काढलं. व्हायोलिनसारखे सिंथेसायझरचे सूर, लॅटिन ताल, आणि एक धून जी एकदा ऐकली की सुटत नाही. युरोपातल्या क्लबांत ती आगीसारखी पसरली. सोनीच्या जर्मन शाखेला हे गाणं हवं होतं. इकडून नकार गेला. मग त्यांनी सुरासूर उतरवून घेतलेली नक्कल बाजारात आणायचा घाट घातला. ज्यांना नकार पचत नाही त्यांची ही जुनी रीत. जगभरच्या रसिकांनी पत्रांचा, ईमेलचा भडिमार केला आणि सोनीला हात मागे घ्यावा लागला. लेबलने मूळ गाण्याची नवी रूपं स्वतःच काढून उत्तर दिलं. वकिलांची फौज त्यांच्याकडे नव्हती. पण मास्टर त्यांची, छपाई त्यांच्या गावातली, वाटप त्यांच्या हातात. म्हणून 'नाही' म्हणण्याची ताकद होती.

डेट्रॉइट म्हणजे स्वर्ग, असं मला अजिबात सुचवायचं नाही. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत आलं. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. टेक्नो इथे जन्मलं, पण त्याला मान दिला बर्लिनने. भिंत पडल्यानंतर 'ट्रेझर' क्लबने १९९१ मध्ये लेबल काढलं, तेव्हा त्याची पहिली रेकॉर्ड याच डेट्रॉइटच्या मंडळींची होती. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला २०२४ मध्ये जर्मनीने अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली. डेट्रॉइटमध्ये मे महिनाअखेरीस नदीकाठी हार्ट प्लाझात मोठा महोत्सव होतो, एरवी शहरातल्या तरुण पोरांना यातली नावंही ठाऊक नसतात. ज्या मातीतून गोष्ट उगवते तिथेच तिची उपेक्षा व्हावी, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता आपल्याकडे येतो. सातारा, सांगली, कोल्हापूरला जिला डॉल्बी म्हणतात आणि पुण्या-मुंबईला डीजे, तिच्यावरचा वाद दोन टोकांना बांधलेला आहे. एक बाजू म्हणते, कानठळ्या, हृदयविकार, लेझरने डोळे गेलेली माणसं, बंद करा हे सगळं. दुसरी म्हणते, वर्षभर तुमचं ऐकतो, आमच्याच मिरवणुकीवर डोळा का. नियम स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांची मर्यादा आहे. २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला. माझं मत विचाराल तर मर्यादा पाळलीच पाहिजे. माझी आई वाड्याच्या खिडक्या लावून, कानात कापूस घालून विसर्जनाची रात्र काढते. तिच्या झोपेवर कुणाचा हक्क नाही, ना मंडळाचा, ना मोठमोठे फ्लेक्स लावणाऱ्या नेत्याचा.

पण आवाजाची पातळी ही एक गोष्ट आणि संगीत ही दुसरी. आपल्या चर्चेत डेसिबल मोजले जातात, संगीताविषयी चकार शब्द निघत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या त्या भिंतीतून काय वाजतंय? हलगी, संबळ, ताशाचे तुकडे, बँजो पार्टीची धून, कोळीगीत, भीमगीत, त्याखाली घराघरांतल्या लॅपटॉपवर रचलेला बेस आणि मध्येच रचणाऱ्याच्या नावाची हाक. हे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे आणि ते पूर्णपणे इथलं आहे. त्यातलं बरंच बेचव असतं, हे खरं. पण काही तुकडे असे असतात की हलगीच्या एका आवर्तनाला ज्या नेमकेपणाने कापून पुन्हा जोडलेलं असतं, ते ऐकून मी थांबतो. भीमजयंतीच्या मिरवणुकांसाठी तयार होणाऱ्या ट्रॅकमध्ये तर शब्द, ताल आणि अस्मिता यांची अशी वीण असते की अभ्यासकांनी त्यावर लिहायला हवं. 'थिल्लर' म्हणून हे सगळं उडवून लावणाऱ्यांनी ते शांतपणे, घरी, कमी आवाजात एकदा तरी ऐकलं आहे का?

माझा भाचा साताऱ्याजवळच्या गावात असे ट्रॅक करतो. एका गणपतीच्या आधी त्याचा फोन आला. "मामा, गाणं लाखांनी बघितलं लोकांनी, पण कंपनीनं क्लेम टाकला. एक रुपया आला न्हाई." मूळ गाणं सिनेमातलं, हक्क कंपनीकडे. मिरवणुकीत त्याचा ट्रॅक वाजला त्याचे पैसे साउंडवाल्याला मिळाले, जनरेटरवाल्याला मिळाले. ज्या हलगीवाल्यांचा ताल त्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून वापरला होता त्यांच्या हाती काही नाही, आणि रचणाऱ्याच्या हातीही काही नाही. गावोगावच्या पोरांची हीच गत आहे. उद्या पोलिसांनी ट्रॉली जप्त केली तर बदनामी मात्र त्यांच्याही वाट्याला येते.

हा प्रश्न आजचा नाही. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमातल्या वादकाने रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, खपली नाही, विस्मरणात गेली. त्याच टीबी-३०३ मधून शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार काढला आणि इतिहास त्यांच्या नावावर लागला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली ती एका डच संग्राहकाच्या लेबलमुळे. म्हातारपणी त्यांना युरोपात मंच मिळाला, २०१५ मध्ये ते गेले. मुंबईत जन्मलेल्या गोष्टीची किंमत नेदरलँड्समध्ये ठरली.

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' गाजलं. मराठी शब्द, हाउसचा ठेका. इथे आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात तिसरीतली पोरं त्यावर नाचली आणि मला मनापासून आनंद झाला. गावाकडे मात्र चर्चा अडकली ती 'मराठीचा झेंडा' आणि 'ही कसली मराठी' यांच्यामध्ये. गाणं निघालं ते 'स्पिनिन रेकॉर्ड्‌स'वर. हे लेबल डच आणि २०१७ पासून वॉर्नरच्या मालकीचं. दोघा तरुणांनी मिळालेली संधी घेतली, त्यांचं कौतुकच आहे. माझा प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे. आपल्या पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मराठी इलेक्ट्रॉनिक संगीत जगभर पोचवणारं, त्याच मातीतल्या माणसांच्या मालकीचं तितकंच भक्कम घर का उभं राहू नये? डेट्रॉइटप्रमाणेच पिंपरी-चिंचवड आणि चाकण मिळून मोटारी बनवतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला, तेव्हा गावातल्या माणसांच्या हाती काय उरलं ते सगळ्यांनी पाहिलं. बाहेरच्या मालकाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या कामाचं हेच होतं, मग ती मोटार असो वा गाणं.

भाच्याला मी सांगितलं, सिनेमातलं गाणं सोड. हलगीवाल्यांना नीट माइकसमोर बसव, त्यांच्याशी साध्या कागदावर वाटणी लिहून घे, चाल तुझी कर, मास्टर तुझ्याजवळ ठेव. तो म्हणाला, "मामा, मंडळाला पिक्चरचंच गाणं लागतं. माझं कोण लावणार?" त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून ही जबाबदारी एकट्या पोरांवर टाकून चालणार नाही. मंडळं वर्गणीतले लाखो रुपये साउंडच्या भाड्यावर घालवतात. त्यातला थोडा भाग आपल्या गल्लीच्या स्वतःच्या ट्रॅकसाठी ठेवावा, हक्क रचणाऱ्याकडे आणि वाजवणाऱ्यांकडे राहू द्यावेत, आणि तो ट्रॅक कायद्याच्या मर्यादेत वाजवावा. आम्ही परदेशातली मंडळं दर दोन वर्षांनी अधिवेशनं भरवतो, नावाजलेले गायक बोलावतो. एखाद्या अधिवेशनात साताऱ्याचा हलगीवाला आणि त्याचा डीजे यांना बोलवावं, त्यांची रेकॉर्ड आर्चरमध्ये छापून घ्यावी आणि इथेच विकावी. छापण्याचा खर्च एका सभागृहाच्या फुलांच्या सजावटीहून फार जास्त येणार नाही. आमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे, आणि ज्यांना पटतो त्यांनी आपापल्या मंडळांत मांडावा.