म्हणे विषाणू नाहीच, तरी लॅबमधून सुटतो!

खारघरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. विषाणू आजवर कुणी पाहिलेलाच नाही, फोटो सगळे कॉम्प्युटरवर रंगवलेले. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी चित्र टिपणारं यंत्र) असलेल्या लॅबपासून लांब राहा, कारण तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत विषाणू ठेवतात, तो सुटला की संपलं. आता जो मुळात नाहीच तो सुटणार कसा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘कुणी पाहिला नाही’: तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं जर्मनीत १९३९ सालीच छापून आली. करोनाचं म्हणाल तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) २०२० मध्ये केरळच्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून ती टिपली. त्यातला एक चांगला टिकलेला कण ७५ नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) होता. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात तो दिसणार नाही, कारण साध्या प्रकाशाची मजल साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतच.

‘रंगवलेले फोटो’: रंग नंतर भरतात, हे खरंच आहे. मूळ चित्र काळं-पांढरं असतं. म्हणून आकार खोटा ठरत नाही.

‘जिवंत विषाणू ठेवतात’: मेसेजची खरी गल्लत इथे आहे. पुण्यात त्या नमुन्यावर आधी ग्लुटराल्डिहाइड घातलं होतं. हे रसायन विषाणूची प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं; आकार राहतो, पेशीत शिरण्याची ताकद जाते. मग त्याचा थेंब तांब्याच्या जाळीवर ठेवतात. ही जाळी जेमतेम ३ मिलिमीटरची, चिमट्यानेच धरायची. वर जड धातूच्या क्षाराचं द्रावण घालून जादाचं टिपकागदाने शोषून घेतात. भिंतीवर पंजा टेकवून भोवती रंग उडवावा तसं होतं: भोवताल गडद, कण फिकट. त्यानंतर ती वाळलेली जाळी निर्वात नळीत जाते आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो.

रसायन पुरेसा वेळ मुरलं नाही तर काही कण तग धरू शकतात. म्हणून ही पद्धत विषाणूला खरोखर निकामी करते का, हे त्या नमुन्यातून पेशींमध्ये विषाणू वाढतो का ते पाहून आधी पडताळतात. क्रायो पद्धतीत नमुना नुसता झटक्यात गोठवतात, रसायनाची सक्ती नसते. तिथे धोकादायक विषाणूसाठी निकामी करण्याची वेगळी सोय किंवा बंदिस्त व्यवस्था लागते.

आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्येही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, पण ते कर्करोग संशोधनाचं केंद्र. जोखमीचं काम म्हणजे धोकादायक विषाणू वाढवणं, आणि ते सूक्ष्मदर्शकापाशी होत नाही. हवा बाहेर जाऊ नये म्हणून आतला दाब कमी ठेवलेल्या, फिल्टर लावलेल्या बीएसएल-३ किंवा ४ (जैवसुरक्षेच्या वरच्या दोन पातळ्या) खोल्यांत होतं.