उचलू का?

हैदराबादहून कोल्हापूरला विमान तासा-सव्वातासात येतं. कोल्हापूरच्या विमानतळावरून रेल्वे स्टेशन नऊ-दहा किलोमीटर. दोन पाय शाबूत होते तोवर मी हे अंतर कधी मोजलं नव्हतं. एका पायावर मोजलं तेव्हा ते सव्वाचार तास, एक रिक्षा, दोन वाट्या पांढरा रस्सा आणि शर्टाची तीन बटणं इतकं भरलं.

झालं असं की, लेकीकडे हैदराबादला गेलो आणि चौथ्या दिवशी तिच्या बाथरूममध्ये उजवा घोटा मोडून घेतला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी विचारलं, "म्हणजे थोडासुद्धा?" ते म्हणाले, "थोडा मोडलाय का?" तीन आठवडे जावयाच्या घरी सोफ्यावर काढले. सासरा पाहुणा म्हणून शोभतो तो पहिले चार दिवस. पुढे तो फर्निचर होतो. कामवाली बाई माझ्या प्लास्टरखालून झाडू फिरवताना "अंकल, जरा" एवढंही म्हणेनाशी झाली, तेव्हा मी घरी जायचं ठरवलं.

घर ओगलेवाडीत. कराडचं रेल्वे स्टेशन कराडात नसून ओगलेवाडीत आहे, हे कराडात उतरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला रात्री अपरात्री कळतं. पण ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या, तो जिथं बनायचा तिथलेच आम्ही, त्यामुळे स्टेशन आमच्या अंगणात आहे. कोल्हापूरपर्यंत विमान, तिथून रात्रीची महालक्ष्मी, की उतरलो घरात. मोटारीनं का नाही, असं जावयानं विचारलं. कागल ते सातारा महामार्गाच्या सहापदरीकरणातून मोडलेला पाय घेऊन गेलं, तर तो दुसऱ्या ठिकाणी मोडून येईल, असं मी सांगितलं. त्याला पटलं. किंवा मी जातोय याच्या आनंदात त्यानं वाद घातला नाही.

विमानात चाकाची खुर्ची फुकट मिळते, फक्त अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं. कळवताना एक अक्षर निवडायचं असतं. आर म्हणजे रॅम्प: लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता-उतरता येतात. एस म्हणजे स्टेप्स: पायऱ्याही जमत नाहीत. सी म्हणजे केबिन: आतल्या सीटपर्यंतही पोचवावं लागतं. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा पाठ नव्हतं. मी विचार केला, आर म्हणजे राइट असणार. माझा उजवाच मोडलाय. विमान कंपनी एवढ्या बारकाईनं चौकशी करते याचं कौतुक वाटलं आणि आरवर टिचकी मारली. एल कुठं दिसत नाही, म्हणजे डाव्या पायाच्या लोकांनी काय करायचं, असंही क्षणभर मनात आलं. तिथंच थांबायला हवं होतं.

हैदराबादला खुर्ची ढकलणाऱ्या मुलानं कागद बघितला, प्लास्टर बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि एक शब्द न बोलता मला लिफ्टच्या गाडीतून विमानाच्या दाराशी नेलं. कोल्हापूरला मात्र निरोप पोचला होता तो आरचाच.

पंख्याचं छोटं विमान. त्याचं प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं आणि त्या दारालाच पाच-सहा पायऱ्या असतात. उजळाईवाडीच्या माळावर विमान टेकलं, साडेचार वाजले होते. सगळे उतरले. पायऱ्यांच्या वर मी आणि वॉकर. पायऱ्यांच्या खाली खुर्ची आणि एक धिप्पाड पोरगा. तो प्रसन्न हसून म्हणाला, "या की सर! फक्त सहाच पायऱ्या हायत."

या 'फक्त'चा माझा अभ्यास दांडगा आहे. मी एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली बरीचशी चौकशीच्या खिडकीत. "हे काय, इथंच लागती गाडी." "फक्त त्या कोपऱ्यापर्यंत जावा." "दोन मिनिटं चाला, डेपोच दिसतो." गुडघ्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या किती म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं असेल याचा हिशेब नाही. सांगताना मी मान वर करत होतो का, हेही आठवत नाही. त्या सगळ्या म्हाताऱ्या त्या क्षणी विमानाच्या पायऱ्यांखाली रांग लावून उभ्या आहेत आणि पदर तोंडाला लावून बघताहेत असं मला वाटलं.

"पाय टेकवता येत नाही," मी सांगितलं.

"मग उचलू का?"

कोल्हापुरात हा प्रश्न 'चहा घेणार का' इतक्या सहज विचारतात. तालमीत घाम गाळलेल्या गावाला जगातल्या बहुतेक अडचणी उचलून बाजूला ठेवण्याजोग्या वाटत असाव्यात. पण मी ब्याऐंशी किलोचा, आणि मला शेवटचं कुणी उचललं होतं ते १९९१ साली माझ्याच वरातीत. चार मित्रांनी उचललं, त्यातल्या एकानं मधेच सोडलं. त्याचं नाव बाप्या. तो आत्ता विमानतळाबाहेर मला घ्यायला उभा होता.

"नको," मी म्हणालो. "मी उतरतो."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती दाखवली होती. खाली बसायचं, मोडलेला पाय पुढं धरायचा, दोन्ही हातांवर भार घ्यायचा आणि बूड एकेक पायरी खाली आणायचं. जोतिबाला लोक लोटांगण घालत जातात. मी घसरण घालत निघालो. प्लास्टर समोर पन्हाळ्यावरच्या तोफेसारखं रोखलेलं. तोफेच्या तोंडावरून ग्राउंड स्टाफ दोन्ही बाजूंना सरकला. तिसऱ्या पायरीच्या कठड्यात शर्टाचं बटण अडकलं आणि गेलं. खाली पोचलो तेव्हा त्या पोरानं मनापासून दाद दिली, "नाद खुळा, सर!"

पुढची दहा मिनिटं मात्र झकास. संस्थानच्या काळात, १९३९ साली, राजाराम महाराजांनी हा विमानतळ सुरू केला, तेव्हा आमच्या गावाला कंदील बनत होते. आता २०२४ साली नवी इमारत झालीय, तिला जुन्या वाड्या-किल्ल्यांसारख्या कमानी. त्या कमानींखालून गुळगुळीत फरशीवरून मला कुणीतरी ढकलत नेतंय, लोक बाजूला होताहेत, बॅग आपोआप मागून येतेय. मी चक्क दोघांना नमस्कार केला. ओळख नव्हती.

दाराबाहेर खुर्ची थांबली. तिचं राज्य तिथं संपतं. स्टेशनच्या खुर्चीचं राज्य स्टेशनात सुरू होतं. मधले दहा किलोमीटर कुणाच्याच वहीत नाहीत. तिथं बाप्या होता.

"काय मर्दा, पाय मोडून घेतलास व्हय!" बाप्या ओरडला. माझ्यासाठी त्यानं मेहुण्याची मोठी गाडी मागून आणली होती. ऐसपैस, काळीभोर, आणि इतकी उंच की तिचा पायदान माझ्या धडक्या गुडघ्याला लागत होता. चढायचं तर एका पायावर उडी मारायची, किंवा मोडका टेकवायचा. मी गाडीकडे बघितलं. बाप्यानं माझ्याकडे बघितलं.

"उचलू का?"

"तू अजिबात नाही."

"ते एक्क्याण्णव सालचं अजून धरून बसलायस?"

शेवटी बाप्यानं फोन करून ओळखीचा रिक्षावाला बोलावला. कोल्हापूरची रिक्षा हे प्रकरण वेगळं आहे. इथं रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. ही रिक्षा आरशासारखी चकचकीत होती, आत मखमल, वर निळे दिवे, पुढं अंबाबाईचा फोटो आणि ताजी शेवंती. मुख्य म्हणजे तिची जमीन जमिनीजवळ होती. मी पाठ आत करून बसलो, सरकत गेलो, पाय सीटवर आडवा घेतला. पाय सीटपेक्षा वीतभर लांब निघाला. प्लास्टरमधून पाच बोटं रिक्षाबाहेर, रस्त्यावर लक्ष ठेवून.

रिक्षावाल्यानं खाली उतरून बोटांकडं नीट बघितलं. मग डिकीतून लाल फडकं काढलं आणि सळया नेणाऱ्या ट्रकला मागं बांधतात तसं माझ्या अंगठ्याला बांधलं. "आता कोण जवळ येत न्हाई," तो म्हणाला. माझ्या आजारपणात मला मिळालेली ही सर्वांत अक्कलहुशारीची सेवा. फॉर्म नाही, अक्षर नाही, अठ्ठेचाळीस तास नाहीत.

अशा थाटात आम्ही शिवाजी विद्यापीठावरून राजारामपुरीकडे निघालो. मागं बाप्याची काळी गाडी, मंत्र्याच्या ताफ्यासारखी. गाडीला अजून तीन तास होते, आणि कोल्हापुरात पाहुण्याला तीन तास मोकळे आहेत हे यजमानाला कळणं धोक्याचं असतं. "जेवूनच जायचं," बाप्यानं खिडकीतून फर्मान सोडलं. "घर काय, हितंच तर हाय. फक्त तिसरा मजला."

"लिफ्ट?"

"लिफ्ट कशाला, तीन मजल्यांना?"

मी रिक्षातून उतरणार नाही असं निक्षून सांगितलं. तेव्हा वरून बाल्कनीतून वहिनींचा आवाज आला, "असू द्या भावजी! तुम्ही बसा, मीच ताट घेऊन खाली आलो!" आलो. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि मला ते फार आवडतं. त्यात 'येईन का, नको का' असलं काही राहतच नाही. आलो म्हणजे आलो.

तर मी भर गल्लीत, रिक्षात, निळ्या दिव्यांखाली, लाल फडकं लावलेला पाय बाहेर काढून, तांबडा-पांढरा जेवलो. वॉकर उलटा करून त्यावर ताट. वहिनींनी खास पायाचं सूपही केलं होतं. मोडलेल्या पायाला बोकडाचा पाय, हिशेब चोख. वाटी तोंडाला लावताना दुसरं बटण गेलं, पण त्याला रस्ता जबाबदार नव्हता, माझं पोट होतं.

हळूहळू गल्ली जमली. प्रत्येकाचा एकेक पाय कधी ना कधी मोडलेला होता, निदान चुलत्याचा तरी. एका काकांनी प्लास्टरवर टकटक केली आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये कशाला केलं? आमच्या वस्तादांकडं न्यायचं हुतं. येका झटक्यात बसवत्यात." दुसरे म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, प्लास्टर काढून टाकू, तालीम हितंच हाय. दोघांनी रिक्षात वाकून माझ्या पायाचं माप घेतलं. एक जण म्हणाला, "उचलू का? पाच मिनिटांचं तर काम."

मी रिक्षावाल्याकडे बघितलं. त्यानं किक मारली. देवमाणूस.

परीख पुलाखालून निघालो. पावसाळ्यात या पुलाखाली तळं होतं. त्या दिवशी कोरडा होता. इथं वर रेल्वे आणि खाली आपण. वरून जायचं त्याच्या खालून जाताना मला फार हुरूप आला.

छत्रपती शाहू महाराज टर्मिनसचा एक गुण मला एसटीत असतानाच कळायला हवा होता: तिथं रूळ संपतात. १८९१ साली मिरजेहून रेल्वे इथवर आली ती इथंच थांबली. त्यामुळे गाडी इथूनच सुटते, आधीपासून फलाटावर उभी असते, आणि माझ्यासारख्याला चढायला दोन मिनिटं नाही, चांगला अर्धा तास मिळतो. ओळखपत्र दाखवून खुर्ची मिळाली, हमाल मिळाला. गाडीच्या टोकाला दिव्यांगांसाठी रुंद दाराचा डबा असतो, पण त्याला प्रमाणपत्र लागतं; माझा पाय सहा आठवड्यांचा पाहुणा. माझं तिकीट आपलं साध्या शयनयानाचं, खालचा बर्थ, वयाच्या मानाने मिळालेला. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, बर्थ तेवढा उरलाय.

फलाट उंच असला तरी डब्याची जमीन त्याहून दीडेक फूट वर असते. हमालानं तोंड उघडलं. मी हात वर केला. "विचारू नका."

दाराकडे पाठ केली, कडेवर टेकलो, दोन्ही दांडे धरले आणि स्वतःला पोत्यासारखं आत ओढलं. तिसरं बटण गेलं. पण आत गेलो. बाप्या फलाटावरून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आणि अपमान दोन्ही होतं. आपल्या गावातून माणूस न उचलता जातोय, हे त्याला सहन होईना. तो बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला.

"कराडला दोनच मिनिटं थांबती गाडी," परत येऊन म्हणाला. "भाच्याच्या तालमीतली दोन पोरं सांगून ठेवलीत. फलाटावर असतील."

"बाप्या, मी उतरेन."

"तू उतरशील रे. गाडी थांबंल का?"

याला उत्तर नव्हतं. गाडी हलली. त्यानं पोरांना नेमकं काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं: दाराशी वॉकर दिसला की उचलायचं. विचारायचं नाही. विचारलं की नको म्हणतो.

समोरच्या बर्थवर एक सद्‍गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, पांढरी टोपी, हातात जपमाळ. मिरजेपर्यंत आमचं पायावरून बोलणं झालं, किर्लोस्करवाडीपर्यंत गुडघ्यांवरून. अकराच्या सुमारास कराड येणार म्हणून मी दाराकडे लंगडी घालत निघालो, एका हातानं बर्थच्या कडा धरत. मला वॉकर अडचणीचा होतो हे बघून ते म्हणाले, "द्या इकडं, मी धरतो." मी मागं, आणि ते पुढं दारात, वॉकर घेऊन. माणुसकी शिल्लक आहे असं मी मनात म्हणत होतो.

गाडी थांबली. अंधारातून दोन पोरं आली, रेड्यासारखी. त्यांनी वॉकर बघितला. काही कळायच्या आत टोपी, जपमाळ आणि वॉकरसकट ते गृहस्थ हवेत गेले आणि अलगद, फुलासारखे, फलाटावरच्या बाकावर ठेवले गेले. मोकळ्या झालेल्या दारात मी बसलो आणि सवयीनं घसरत खाली आलो.

"काय तरास न्हाई न्हवं झाला, काका?" पोरांनी त्यांना विचारलं.

त्यांनी टोपी सरळ केली. गाडीकडे बघितलं.

"मला सातारला उतरायचं होतं," ते म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि न विचारता त्यांना पुन्हा उचललं.