आधी पाण्याची वाट मोकळी करा, रोपांचं नंतर बघू

आज सकाळी नवी मुंबईत नेरुळच्या खाडीकाठी एका कंपनीच्या लोकांनी उघड्या चिखलावर तिवराची, म्हणजे खारफुटीची (मॅन्ग्रोव्ह) रोपं लावली. बॅनर, एकसारखे टी-शर्ट, फोटो आणि दोन तासांत सगळे बसमध्ये. संताप झालाय, म्हणून लिहितेय.

तो चिखल रिकामा नव्हता हो! ओहोटीला फ्लेमिंगो, तुतवार, चिखल्या असे पक्षी तिथेच चरतात. शिवाय इतक्या खालच्या पातळीला रोप फार वेळ पाण्याखाली राहतं, खोडावर बार्नॅकल (कठीण कवचाचे चिकटून राहणारे सागरी जीव) चढतात, रोप वाकतं आणि मरतं. जगलंच तर मुळं गाळ धरतात, चिखल वर चढतो आणि पक्ष्यांचं ताटच जातं.

जिथे पूर्वी तिवरं होती, तिथेसुद्धा आधी बघायचं की ती मेली कशाने. बहुतेक ठिकाणी भराव किंवा रस्ता आडवा आलेला असतो. खालून पाणी जायला ह्यूम पाइप (सिमेंटचा मोठा नळ) असतो, पण त्याच्या तोंडाशी गाळ, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या. मग पाणी फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आत येतं आणि तिथेच साचतं. उन्हाळ्यात आटतं, खारटपणा वाढतो, शेवाळ कुजतं, मासे मरतात, डास होतात. की लगेच कुणीतरी म्हणतं, बुजवून टाका. नेरुळच्याच डीपीएस तलावाचं २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पाण्याची वाट बंद, तळं कोरडं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, पण भरतीत खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी टेकायला अशाच तळ्यांवर येतात.

करायचं काय? दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा रंगवलेले दोन बांबू घ्या. एक तळ्यात, एक खाडीच्या बाजूला. एकदा उधाणाला, एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), दर अर्ध्या तासाने पातळी लिहा. आतलं पाणी किती उशिरा चढतं, किती उतरतच नाही, यावरून पाइप कितपत चोंदलाय ते कळतं. तोंड साफ केल्यावर बारीक जाळी अजिबात लावू नका, ती लगेच भरते आणि तिचीच भिंत होते. मुठीएवढ्या अंतराने तिरपे गज लावा आणि प्रत्येक उधाणानंतर हाताने साफ करा. तळ्याच्या बाजूला फळ्यांचा उंबरठा हवा, म्हणजे ओहोटीलाही चार बोटं पाणी राहतं आणि फळी काढली की सगळं उपसता येतं. काढलेला गाळ काठावर टाकलात तर पहिल्या पावसात परत आत. तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांवर टाकलात तर झाड गुदमरून मेलंच समजा. पाणी खेळायला लागलं की पावसाळ्यात तिवराच्या बिया भरतीबरोबर आपोआप येतात. वर्ष-दोन वर्षांत नाहीच आल्या, तर रोपांचा विचार.

पण ती फळी रोज कोण बघणार? खारभूमीच्या बांधाची उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायची झडप) गावातलाच माणूस सांभाळायचा, आजही तोच हवा. निवटे कुठून गेले, चिंबोरी कुठे कमी झाली, पाणी कुठून वळायचं, हे इथल्याच करावे-सारसोळे गावांच्या कोळ्यांना तोंडपाठ आहे. सकाळच्या कार्यक्रमाला त्यांच्यातलं एक माणूस बोलावलं नव्हतं! पहिली बैठक गावकीत घ्या, होडीची आणि मासळीची वाट बंद होणार नाही हे लिहून द्या. नाल्यातला कचरा आमच्या-तुमच्या सोसायट्यांतूनच येतो, तो वरच अडवणं सोसायट्यांचं काम. बांबूवरची पातळी शाळेतली मुलं उत्तम लिहितात.

मान्य, कंपनीचा पैसाही लागतो, मजुरी आणि गज फुकट येत नाहीत. मग तो पैसा दोन वर्षांच्या देखभालीला द्या ना.

आणि सकाळी राबलेल्या त्या मुलामुलींवर माझा राग नाही. उन्हात, गुडघाभर चिखलात मनापासून काम केलं त्यांनी. त्यांना कुणी नीट सांगितलं असतं, तर याच हातांनी पाइपाचं तोंड मोकळं झालं असतं.

एक मात्र लक्षात ठेवा. कांदळवनात, म्हणजे तिवरांच्या जंगलात, आणि त्याभोवतीच्या पन्नास मीटरांत उच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत. खोदाई किंवा फांदीला हात परवानगीशिवाय नाही, जेसीबी तर नाहीच. वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आधी अर्ज द्या, सोबत बांबूवरच्या नोंदी आणि नकाशा जोडा. कचरा वेचायला मात्र येत्या अमावास्येच्या ओहोटीला या. गमबूट, जाड हातमोजे आणि रिकामी पोती आणा. वेळ आदल्या दिवशी कळवते.