'गरिबी' म्हणालात म्हणून : हायलक्सच्या पुढच्या ॲक्सलबद्दल

नमस्कार. टोयोटाच्या जुन्या हायलक्स या मालवाहू पिकअपवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "पुढे सलग ॲक्सल आणि पाटे ही डिझाइनची हुशारी नव्हे, तंत्रज्ञानाची गरिबी. टोयोटानेच तो सोडला. लेखक आठवणींत रमलेत." (सलग ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, पाटे म्हणजे त्यावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.) शिवाय टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणाऱ्या साखळीची, चूक दाखवलीत आणि इंजिनात दम नव्हता, असंही म्हणालात.

चेनचं मान्य. हायलक्सच्या सगळ्या 22आर इंजिनांत दुहेरी चेन होती असं मी लिहिलं, ते चुकलं. पुढे ती एकेरी झाली, तिला वाटेवर ठेवणारे प्लॅस्टिकचे गाइड आले. गाइड तुटला की चेन कव्हर घासत जाते, पार इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये उतरेपर्यंत. वाक्य दुरुस्त केलंय.

पण 'गरिबी'? मतभेद असू द्यात, बोलायची काही रीत असते की नाही? हा ॲक्सल तुम्ही स्वतः कधी उतरवलाय का? मी मस्कतच्या एका गॅरेजात सात वर्षं तेच केलंय.

"टोयोटानेच सोडला" हे अर्धवट आहे. अमेरिकेतल्या फोर बाय फोरला 1986 च्या मॉडेलपासून टॉर्शन बारचं (पिळणाऱ्या सळीच्या स्प्रिंगचं) स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं. डांबरी रस्त्यावर ते नक्कीच सुखाचं. पण इतर कित्येक देशांत हायलक्स 1997 पर्यंत पुढे पाटे घेऊनच विकली गेली. नवं तंत्र हाताशी असताना कंपनीने अकरा वर्षं जुनं चालू ठेवलं, ते काय परवडत नव्हतं म्हणून?

पाटा एकटाच भार पेलतो आणि ॲक्सलही जागेवर धरतो. चाक धरणारे वेगळे कंट्रोल आर्म नाहीत, म्हणून त्यांचे बुश नाहीत, बॉल जॉइंट नाहीत. चाक दगडावर चढलं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) ॲक्सलबरोबर वर उचललं जातं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ते चॅसीला बांधलेलं. सस्पेन्शन दबलं की तेही जमिनीकडे येतं. ओढ्यातल्या दगडगोट्यांत हा फरक ऑइल सांडल्यावरच कळतो.

इंजिनाचं म्हणाल तर ते 2,366 सीसीचं, माल ओढायला केलेलं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि मी रमतो त्या आठवणी अशा आहेत. एका संध्याकाळी वाडीत, म्हणजे तिकडच्या कोरड्या नदीपात्रात, एक हायलक्स अडकली होती. पुढचं डावं चाक मागे सरकून फेंडरला घासत होतं. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल पडलेले, पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटलेला, ॲक्सल पाट्याखालून मागे गेलेला. आम्ही चॅसी जॅकवर घेतली, पाटे शिकंज्यात आवळले, नवा सेंटर बोल्ट घातला. मग पहारीने ॲक्सल पुढे रेटत बोल्टचं डोकं त्याच्या भोकात बसवलं आणि यू-बोल्ट कसले. ना लिफ्ट, ना अलाइनमेंटचं मशीन. तासाभरात गाडी मागच्या मालासकट स्वतःच्या चाकांवर निघून गेली.